पंतप्रधानाच्या अधिकारांची यादी आता पुरे : राज्यशास्त्र अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राज्यशास्त्र अभ्यासमंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे

विषय : ब्रिटनच्या पंतप्रधानावरचा प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर

महोदय, महोदया,

‘ब्रिटनच्या पंतप्रधानाचे अधिकार व कार्ये स्पष्ट करा.’

हा प्रश्न मी विद्यार्थी असताना होता, शिकवायला लागलो तेव्हा होता आणि यंदा उत्तरपत्रिका तपासायला बसलो तेव्हाही होता. उत्तरही ठरलेले आहे. मंत्रिमंडळ बनवणे, खातेवाटप, बैठकांचे अध्यक्षपद, राजाला सल्ला, सभागृहाचे नेतृत्व, नेमणुका, परराष्ट्र धोरण, संसद विसर्जित करण्याची शिफारस, पक्षाचे नेतृत्व. मग उपमा येतात. मोर्ले यांच्या मते तो मंत्रिमंडळाच्या कमानीतला मधला दगड, हार्कोर्ट यांच्या मते ताऱ्यांमधला चंद्र, जेनिंग्ज यांच्या मते ग्रह ज्याच्याभोवती फिरतात तो सूर्य. शेवटी ‘अशा प्रकारे ब्रिटनचा पंतप्रधान हा अत्यंत शक्तिशाली असतो’ असे एक वाक्य टाकायचे, पुरवणी बांधायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे.

एवढे पाठ करून आलेल्या मुलाला २०२२ साली लंडनमध्ये नेमके काय घडले हे विचारा. दोन महिन्यांत तीन पंतप्रधान कसे झाले, हे त्याला सांगता येत नाही. त्याच्या यादीत त्याचे उत्तरच नाही. दोष त्याचा नाही. प्रश्न आपण काढतो, आदर्श उत्तर आपण ठरवतो आणि गुणही आपणच देतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात आहेत, म्हणून हे पत्र.

आधी यादीची बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. काही बाबतींत तर ती कमीच पडते. ब्रिटनचा नवा पंतप्रधान सूत्रे हाती घेतल्यावर पहिल्या काही दिवसांतच स्वतःच्या हाताने चार पत्रे लिहितो. चारही पत्रे सारखीच असतात. ती ट्रायडेंट क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या चार पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी असतात. देश अणुहल्ल्यात नष्ट झाला आणि सरकारच उरले नाही तर काय करायचे, याचा आदेश त्यांत असतो. पत्रे पाणबुडीतल्या तिजोरीत ठेवली जातात आणि पंतप्रधान बदलला की न उघडता नष्ट केली जातात. हा आदेश देताना मंत्रिमंडळाची, संसदेची, कोणाचीही संमती घ्यावी लागत नाही. याहून मोठी एकहाती सत्ता लोकशाहीत सापडणे कठीण, पण आपल्या एकाही नोट्समध्ये ती मला दिसलेली नाही.

माणसे नेमण्याची आणि काढण्याची सत्ताही खरीच. १३ जुलै १९६२ रोजी हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांच्यासह सात मंत्र्यांना एका फटक्यात घरी पाठवले. मंत्रिमंडळाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. वर्गात हे सांगितले की मुले सावरून बसतात. पण गोष्ट तिथेच थांबवता येत नाही. ज्या पोटनिवडणुकांच्या आणि मंदीच्या धास्तीने त्यांनी ही सफाई केली, ती धास्ती सफाईने कमी झाली नाही. सवा वर्षात आजारपणाने आणि युद्धमंत्री प्रोफ्युमो यांच्या भानगडीच्या सावटाखाली मॅकमिलन स्वतःच पायउतार झाले. पंतप्रधानाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, या प्रश्नाला ‘घटनांची, बाळा, घटनांची’ असे उत्तर त्यांच्या नावावर खपवले जाते. ते त्यांनी कधी आणि कोणाला दिले, याचा खात्रीचा पुरावा नाही. तरी मार्गदर्शकांत ते अवतरणचिन्हांत छापलेले असते.

वर्षानुवर्षे हा विषय शिकवून माझे जे मत झाले आहे ते असे. ब्रिटनच्या पंतप्रधानाच्या हाती एखादी गोष्ट सुरू करण्याची सत्ता अफाट असते. ती गोष्ट कुठे जाऊन थांबेल हे ठरवण्याची सत्ता मात्र तुटपुंजी असते. आपल्या यादीतला जवळपास प्रत्येक अधिकार पहिल्या प्रकारचा आहे. दुसऱ्या बाजूबद्दल आपण गप्प आहोत.

आपल्या मुलांना समजेल असे उदाहरण लंडनमध्ये शोधायला नको, पुण्यात आहे. पुणे करार आपण आधुनिक भारताच्या पेपरात शिकवतो आणि ब्रिटनचा पंतप्रधान तुलनात्मक शासनाच्या पेपरात. दोन्ही पेपर एकच विद्यार्थी देतो, पण जातीय निवाडा देणारा रॅम्से मॅकडोनाल्ड आणि आपल्या यादीतला तो सूर्य हा एकच माणूस, हे त्याच्या लक्षात कोणी आणून देत नाही.

मॅकडोनाल्ड हे मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान. ऑगस्ट १९३१ मध्ये पौंडावर संकट आले. बेरोजगारांच्या भत्त्यात १० टक्के कपात करायची की नाही यावर त्यांचे मंत्रिमंडळ फुटले. २४ ऑगस्टला त्यांनी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) आणि उदारमतवाद्यांना सोबत घेऊन ‘राष्ट्रीय सरकार’ बनवले. हेतू हा, की पौंड सुवर्णपरिमाणावर, म्हणजे सोन्याशी ठरलेल्या दराने बांधलेला, टिकवायचा. २१ सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. म्हणजे ज्या कामासाठी सरकार जन्माला आले ते काम महिनाभरातच बुडाले, आणि सरकार मात्र चालू राहिले. मजूर पक्षाने मॅकडोनाल्ड यांना काढून टाकले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत राष्ट्रीय सरकारला प्रचंड बहुमत मिळाले, पण त्यात मॅकडोनाल्ड यांच्या स्वतःच्या गटाचे खासदार १३ आणि हुजूर पक्षाचे सुमारे ४७०. डाउनिंग स्ट्रीटवर राहायला ते होते, पण संख्याबळ हुजूर पक्षाचे नेते बाल्डविन यांच्या खिशात होते. भारतमंत्रीही हुजूर पक्षाचेच, सर सॅम्युअल होअर. या परिस्थितीतल्या पंतप्रधानाला विद्यार्थ्याने ताऱ्यांमधला चंद्र म्हणायचे का?

दुसऱ्या गोलमेज परिषदेत भारतीय प्रतिनिधींचे मतदारसंघांवर एकमत झाले नाही आणि निर्णय पंतप्रधानाकडे गेला. १६ ऑगस्ट १९३२ रोजी मॅकडोनाल्ड यांनी निवाडा जाहीर केला. अस्पृश्य वर्गाला विभक्त मतदारसंघ आणि ७१ जागा मिळाल्या. त्या क्षणी यादीतला अधिकार पुरेपूर वापरला गेला होता. कोट्यवधी माणसांच्या राजकीय भवितव्याचा निर्णय सहा हजार किलोमीटरहून लांब बसलेल्या एका माणसाच्या नावाने निघाला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी प्राणांतिक उपोषणाचा इरादा पंतप्रधानाला कळवला. मॅकडोनाल्ड यांनी ८ सप्टेंबरच्या उत्तरात कळवले, की संबंधित समाजांनी आपसांत वेगळा तोडगा काढला तरच निर्णय बदलेल. २० सप्टेंबरला उपोषण सुरू झाले. मग बाबासाहेब आंबेडकर, सप्रू, राजगोपालाचारी, मालवीय यांच्या वाटाघाटी, मुंबईहून पुण्याला आणि तुरुंगाच्या आवारात फेऱ्या, आणि २४ तारखेला करार. विभक्त मतदारसंघ गेले, जागा ७१ वरून १४८ झाल्या, प्राथमिक निवडणुकीतून चार उमेदवार निवडण्याची पद्धत आली. २६ तारखेला लंडनच्या मंत्रिमंडळाने हे मान्य केले.

या तडजोडीत कोणाचे किती गेले, हा वाद वेगळा आणि तो संपलेला नाही. बाबासाहेबांनीच पुढे तिच्यावर अतिशय कडक लिहिले. मला इथे एवढेच दाखवायचे आहे, की पंतप्रधानाने सही करून दिलेला निर्णय सहा आठवड्यांच्या आत येरवड्यात बदलला आणि पंतप्रधानाच्या हाती फक्त ‘मान्य’ म्हणणे उरले. आपल्याच इतिहासात असे उदाहरण असताना आपण मुलांना कमानीतला दगड शिकवतो, याचे मला खरेच नवल वाटते.

सुएझचे प्रकरण वर्गात सांगायला तर नाट्यमय आहे. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. पंतप्रधान अँथनी ईडन यांनी फ्रान्स आणि इस्रायलशी गुप्त संगनमत केले. ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळ सेव्हर इथे तिघांनी कागदावर सह्या केल्या. इस्रायलने हल्ला करायचा आणि मग ब्रिटन-फ्रान्सने ‘शांतता राखण्यासाठी’ उतरायचे, असा बेत. सही झाल्याचे कळताच ईडन हादरले. त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना परत पॅरिसला पाठवून सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितले. ब्रिटनची प्रत जाळली गेली, पण इस्रायलची प्रत राहिली. युद्ध सुरू करायला ईडन यांना फारसे कोणी अडवू शकले नाही. थांबवायला लावले ते पौंडाने. पौंडावर दबाव आला, अमेरिकेने युद्धबंदी झाल्याशिवाय आर्थिक मदतीचा मार्ग मोकळा करायला नकार दिला, आणि सैन्य उतरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबरला, लढाई थांबवावी लागली. त्या दिवशी मंत्रिमंडळाला गंगाजळीची भयानक स्थिती सांगणारे अर्थमंत्री होते हॅरॉल्ड मॅकमिलन. सुरुवातीला युद्धाला सर्वांत मोठा आवाज त्यांचा होता. त्यांनी सांगितलेला तोटा प्रत्यक्षापेक्षा बराच फुगवलेला होता, असे पुढे कागदपत्रांतून दिसले. जानेवारीत ईडन गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मॅकमिलन बसले. यातून काय निष्कर्ष काढायचा तो विद्यार्थ्यांनी काढावा.

इथे अर्थमंत्र्याबद्दल थोडे अधिक बोलावे लागेल. आपल्या यादीत तो ‘सहकारी मंत्री’ या दोन शब्दांत गुंडाळला जातो. डाउनिंग स्ट्रीटवरच्या दहा क्रमांकाच्या, म्हणजे पंतप्रधानाच्या घराच्या, दारावरच्या पितळी पत्रपेटीवर आजही ‘राजकोषाचा पहिला लॉर्ड’ ही पदवी कोरलेली आहे. पंतप्रधानाचे औपचारिक पद तेच. पण राजकोष चालतो शेजारच्या अकरा क्रमांकात राहणाऱ्या अर्थमंत्र्याच्या हुकमाने. पंतप्रधानाला स्वतःचे मोठे खातेही नसते. टोनी ब्लेअर यांना १९९७ साली १७९ चे बहुमत मिळाले होते आणि ब्रिटनने युरो स्वीकारावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी पाच कसोट्या घातल्या आणि त्या पुऱ्या झाल्या की नाहीत हे ठरवण्याचा मान अर्थखात्याकडे ठेवला. जून २००३ मध्ये उत्तर आले : नाही. युरो आला नाही. ब्लेअर यांना त्याच वर्षी मार्चमध्ये इराकमध्ये सैन्य धाडता आले, पण आपल्याच अर्थमंत्र्याला नोटांच्या बाबतीत वळवता आले नाही. माझ्या मते हे एक उदाहरण यादीतल्या निम्म्या मुद्द्यांना भारी पडते.

त्याआधीचा प्रसंग १६ सप्टेंबर १९९२ चा. जॉन मेजर एप्रिलमध्येच निवडणूक जिंकून आले होते. पौंडाला युरोपीय विनिमय दराच्या चौकटीत, म्हणजे इतर युरोपीय चलनांशी ठरलेल्या मर्यादेत, ठेवायचे, हे त्यांचे मुख्य आर्थिक धोरण. सट्टेबाजांनी पौंड विकायला काढला. सकाळी व्याजदर १० वरून १२ टक्के केला, दुपारी १५ टक्के जाहीर केला, आणि संध्याकाळी चौकट सोडून दिली. दहा क्रमांकाची दुरुस्ती सुरू असल्यामुळे मंत्री अॅडमिरल्टी हाउसमध्ये जमले होते. बाजारात काय चालले आहे हे कळायला तिथे साधन नव्हते, रेडिओ आणावा लागला, असे तेव्हाचे गृहमंत्री केनेथ क्लार्क यांनी नंतर सांगितले. देशाचे सर्वांत शक्तिशाली लोक एका खोलीत बसून आपल्याच धोरणाचे काय झाले हे रेडिओवर ऐकत आहेत, हे दृश्य मला कोणत्याही उपमेपेक्षा जास्त शिकवणारे वाटते. आज तर व्याजदर पंतप्रधानाच्या हातात नाहीच. मे १९९७ मध्ये ब्राउन यांनी तो बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवला आणि आता नऊ जणांची समिती तो ठरवते.

हे समजले की लिझ ट्रस यांचे ४९ दिवस समजतात. पक्षाच्या सदस्यांनी ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ अशा मतांनी त्यांना निवडले. ६ सप्टेंबर २०२२ ला बालमोरलमध्ये राणीने त्यांची नेमणूक केली, ८ ला राणी गेली. २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपाती जाहीर केल्या, आणि पैसा कुठून येणार याचा स्वतंत्र अंदाज प्रसिद्ध केला नाही. सोमवारी पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकाला गेला. सरकारी रोख्यांचे भाव इतके कोसळले, की निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावे लागले. घरकर्जाचे दर चढले. तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मुलांनीही त्या ऑक्टोबरात हप्त्यांचे गणित पुन्हा मांडले. १४ ऑक्टोबरला ट्रस यांनी क्वार्टेंग यांना काढले, आणि २० ला त्या स्वतः जात असल्याचे जाहीर झाले. यादीतले अधिकार सगळे जागेवर होते. अर्थमंत्री नेमला, काढला, अर्थसंकल्पासारखी घोषणा केली, पक्षाच्या नेत्याही होत्या. एकाही अधिकाराचा वापर त्यांना कोणी नाकारला नव्हता.

त्यानंतर ऋषी सुनक आले, तेही लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पक्षनेते म्हणून निवडले गेले. आमच्या वर्गात पहिला प्रश्न आला तो कोहिनूरचा. दुसरा व्यापार कराराचा. तो शहाणा प्रश्न होता, म्हणून त्याचे उत्तर इथे देतो. एप्रिल २०२२ मध्ये दिल्लीत बोरिस जॉन्सन यांनी भारताशी मुक्त व्यापार करार ‘दिवाळीपर्यंत’ करण्याची मुदत जाहीर केली. दिवाळी आली तेव्हा जॉन्सन नव्हते, ट्रस जात होत्या आणि करार झालेला नव्हता. सुनक यांच्या काळातही झाला नाही. २४ जुलै २०२५ रोजी तो झाला तो कीर स्टार्मर पंतप्रधान असताना, चेकर्स या पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी. जाता जाता : ब्रिटनच्या कायद्यात ‘पंतप्रधान’ या पदाचा पहिला उल्लेख १९१७ साली झाला, तो याच चेकर्सच्या मालमत्तेसंबंधीच्या कायद्यात. आपल्या मुलांना तो एका गुणासाठी विचारायला हरकत नाही.

मार्गारेट थॅचर यांचे नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही, कारण ‘वाढते महत्त्व’ या मुद्द्याखाली प्रत्येक मुलगा त्यांचेच नाव लिहितो. त्यांनी १९७९, १९८३ आणि १९८७ अशा तिन्ही निवडणुका जिंकल्या. मतदारांनी त्यांना कधीच हरवले नाही. त्यांनी घरपट्टीऐवजी माणशी कर आणला, जो स्कॉटलंडमध्ये १९८९ पासून आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९९० पासून लागू झाला. सरदार आणि सफाई कामगार यांनी सारखाच कर भरायचा. मार्च १९९० मध्ये ट्रॅफल्गर चौकात दंगल झाली, पण त्यांना दंगलीने घालवले नाही. १३ नोव्हेंबरला जेफ्री हाउ या त्यांच्याच जुन्या मंत्र्याने राजीनाम्यानंतर सभागृहात भाषण केले. युरोपशी वाटाघाटी करायला सलामीचे फलंदाज मैदानात पाठवायचे आणि पहिला चेंडू पडताना त्यांना कळावे, की सामना सुरू होण्याआधीच कर्णधाराने त्यांच्या बॅट मोडून ठेवल्या आहेत, अशा अर्थाचे ते बोलले. आवाज शांत, जवळजवळ कंटाळवाणा. आठवड्याभरात नेतेपदाची निवडणूक झाली. थॅचर २०४, त्यांचे प्रतिस्पर्धी हेसल्टाइन १५२. पहिल्याच फेरीत जिंकायला नियमाने जेवढी आघाडी लागत होती, तिला त्यांना चार मते कमी पडली. मग मंत्री एकेक करून त्यांच्या खोलीत गेले आणि बहुतेकांनी सांगितले, की आता जिंकणे शक्य नाही. २२ नोव्हेंबरला राजीनामा.

म्हणजे पंतप्रधानाची सत्ता मतदारांकडून थेट आलेली नसते. ती खासदारांनी दिलेली असते आणि ते ती कोणत्याही मंगळवारी परत मागू शकतात. जॉन्सन यांना डिसेंबर २०१९ मध्ये ८० चे बहुमत मिळाले, आणि जुलै २०२२ मध्ये पन्नासहून जास्त मंत्री व पदाधिकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांत राजीनामे दिले. थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार जानेवारी २०१९ मध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. स्टार्मर यांना २०२४ मध्ये १७० हून जास्तीचे बहुमत मिळाले, तरी पुढच्याच वर्षी जुलैत अपंग भत्त्यांच्या कपातीच्या विधेयकावर स्वपक्षाच्या शंभराहून अधिक खासदारांनी बंड केले आणि मतदानाच्या तास-दीड तास आधी त्यातला मुख्य भागच सोडून द्यावा लागला. विधेयक ३३५-२६० ने पास झाले. आकडा पाहिला तर सरकार जिंकले.

उलट बाजूने कोणी म्हणेल, की असे असेल तर ‘निवडून आलेली हुकूमशाही’ हा हुजूर पक्षाचे नेते लॉर्ड हेल्शॅम यांचा शेरा आपण का शिकवतो? जरूर शिकवावा, पण तारखेसकट. हेल्शॅम यांनी ते भाषण ऑक्टोबर १९७६ मध्ये दिले. त्याच आठवड्यांत जेम्स कॅलॅहन यांचे सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलरचे कर्ज मागत होते आणि खर्चकपातीला मंत्रिमंडळ तयार व्हावे म्हणून कॅलॅहन बैठकांमागून बैठका घेत होते. त्या सरकारचे बहुमतही विरून चालले होते. १९७९ मध्ये ते अविश्वासाच्या ठरावावर एका मताने पडले, ३११ विरुद्ध ३१०. हुकूमशाहीचा शेरा आणि तिचा तो हुकूमशहा शेजारीशेजारी ठेवून शिकवले, तर मुलांना टीकात्मक विचार वेगळा शिकवावा लागणार नाही.

मग पंतप्रधान केवळ घटनांच्या लाटेवरचा ओंडका आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि ते चुकीचेही आहे. क्लेमंट अॅटली यांचे पाहा. २० फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी सभागृहात सांगितले, की जून १९४८ पर्यंत ब्रिटन भारतातून जाईल. ती तारीख जाहीर करणे हा त्यांचा स्वतःचा, मोठा निर्णय होता. व्हाइसरॉय वेव्हेल यांना काढून माउंटबॅटन यांना पाठवणे हाही. त्यानंतर मात्र तारीख माउंटबॅटन यांनी दहा महिने अलीकडे आणली, सीमा आयोगाच्या रॅडक्लिफ यांनी आखली, आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य येऊन दोन दिवस झाल्यावर. पंजाबात जे झाले ते लंडनमधल्या कोणाच्याच हातात उरले नव्हते. पण त्याच अॅटली यांनी आरोग्य खाते अॅन्युरिन बेव्हन यांच्याकडे दिले, डॉक्टरांच्या संघटनेशी त्यांना झगडू दिले, आणि ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा आजही आहे. पंतप्रधान टिकाऊ काही करतो तेव्हा बहुधा असेच होते. त्याने योग्य माणूस नेमलेला असतो आणि तो माणूस ते काम आपले मानून लढत असतो. एकट्याने, गुपचूप, सहकाऱ्यांना बाजूला ठेवून सुरू केलेल्या गोष्टींची यादी काढली, तर ती सुएझपासून ट्रस यांच्या करकपातीपर्यंत जाते.

आता मागण्या. विसर्जनाच्या अधिकाराबद्दल नोट्समध्ये काय छापले आहे ते एकदा तपासा. २०११ च्या निश्चित मुदतीच्या कायद्याने तो अधिकार पंतप्रधानाच्या हातून जवळजवळ काढला होता, २०२२ मध्ये तो कायदा रद्द होऊन अधिकार परत आला. मधल्या काळात मुलांनी दोन्ही प्रकारची उत्तरे लिहिली आणि दोन्हींना सारखे गुण मिळाले. संसद तहकूब करण्याचा जॉन्सन यांचा सल्ला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी २४ सप्टेंबर २०१९ ला बेकायदा ठरवला, तो निकाल अभ्यासक्रमात हवा. १९९९ पासून स्कॉटलंड आणि वेल्सचे आरोग्य व शिक्षण तिथल्या सरकारांकडे आहे, हेही हवे. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, जॉन्सन ‘सावध राहा’ म्हणत होते आणि एडिंबरा व कार्डिफची सरकारे ‘घरीच थांबा’ म्हणत होती. बऱ्याच बाबतींत ब्रिटनचा पंतप्रधान त्या दिवसांत फक्त इंग्लंडचा पंतप्रधान होता.

उपमा ठेवायच्या असतील तर ठेवा, पण त्यांना गुण देऊ नका.

आणि प्रश्न बदला. माझ्याकडून एक नमुना देतो : ‘१९३२ चा जातीय निवाडा, १९५६ चे सुएझ आणि २०२२ ची करकपात यांपैकी कोणत्याही दोन प्रसंगांत ब्रिटनच्या पंतप्रधानाने काय ठरवले, काय त्याच्या हातून सुटले आणि कोणामुळे, ते लिहा.’ याला तयार उत्तर बाजारात नाही, निदान पहिली दोन वर्षे तरी मिळणार नाही. तपासायला जास्त वेळ लागेल, तपासनिसांचे मानधन वाढवण्याची मागणी त्यासोबत येईल, ती रास्त असेल.

अभ्यासक्रमाचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा हे पत्रच माझी लेखी हरकत समजावी. वेगळा अर्ज भरून पाठवायचा असल्यास नमुना कळवावा.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक